वरचा फ्लॅट कुलूपबंद, खाली आमच्या छताला ओल! (आणि फ्लॅटमधले इतर चमत्कार)

पर्वरीकर
मंडळी, मार्चमध्ये पर्वरीला फ्लॅट घेतला, तिसरा मजला. जुलै संपता संपता बेडरूमच्या छताला बाथरूमच्या बाजूच्या कोपऱ्यात पिवळसर डाग दिसायला लागला. चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी गेलो, परत येऊन बघतो तर डाग ताटाएवढा, पीओपी फुगलेलं, बोट लावलं की भुगा हातात. वरचा फ्लॅट बंद असतो. मालक गुडगावला, किल्ली इथल्या ब्रोकरकडे. मालकांना फोन केला की "बघतो बघतो" म्हणतात, ब्रोकरला केला की तो साइटवर असतो. सोसायटीचं म्हणणं, हा दोन मालकांचा आपसातला मामला, आम्ही मध्ये पडणार नाही.

तर वरच्या घरात पाय न ठेवता पाणी कुठून येतंय ते कळायची काही सोय आहे का? आणि खर्च कुणी करायचा? तुमच्याकडे असले काय काय प्रकार झालेत तेही लिहा. बायकोला वाचून दाखवायचेत. तिचं ठाम मत आहे की हे फक्त आपल्याच नशिबी.

नुस्तेखाऊ
पर्वरीत फ्लॅट आणि वर कोरडं छतही? फार मागता राव तुम्ही.
(खुर्ची टाकून बसलोय.)

ठाण्याची_सून
पर्वरीकर, वहिनींना सांगा, त्या एकट्या नाहीत.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही वास्कोला आलो. लोकांनी सांगितलं होतं पावसाळ्यात सांभाळा. मी मनात म्हटलं, पाऊस काय आम्ही ठाण्यात बघितला नाही? जूनमध्ये सगळं बंद करून ठाण्याला गेले, जुलैत परत आले. दार उघडताच तो वास! चामड्याच्या पर्सला हिरवी दाढी आलेली. लग्नातला शालू कपाटाच्या मागच्या फळीला चिकटून होता, त्यावर पांढरे ठिपके. नवऱ्याचे ऑफिसचे बूट तर ओळखू येत नव्हते. भिंतीला हात लावला तर गार, ओलसर.

मग कुणीतरी ते ओल शोषणारे डबे सांगितले, कॅल्शियम क्लोराइडचे, ज्यात खाली पाणी साठतं. काम करतात, खोटं नाही बोलणार. पण आमच्याकडे एक डबा कपाटात कलंडला. ते पाणी साधं नसतं, चिकट खारं असतं आणि लवकर वाळत नाही. कपाटाच्या बिजागऱ्या महिन्याभरात गंजल्या. ओलीने जे केलं नव्हतं ते ओलीच्या औषधाने केलं.

आल्तिनो
हे डबे कपाटाच्या तळाशी, बाहेर सांडणार नाहीत अशा एखाद्या टोपात ठेवायचे. आमच्याकडे आजीच्या वेळेपासून कपाटात पिवळा बल्ब लावतात. आत थोडी ऊब राहिली की बुरशी धरत नाही. हल्लीच्या एलईडीचा त्यासाठी उपयोग नाही, ते तापतच नाहीत. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा.

कुळागर
मुळात फ्लॅट घेतलाच कशाला? गोव्यात येऊन काड्यापेटीत राहायचं आणि वर डोक्यावर दुसऱ्याचं न्हाणीघर! आमच्या घराला शंभर वर्षं होऊन गेली. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, वर नळे (कौलं). गळलं तर आपल्याच छपरातून गळतं, कुठला नळा सरकला ते शिडी लावून बघायचं, नीट करायचा, झालं. गुडगावला फोन करावा लागत नाही.

माई_मडगाव
कुळागर, शिडीवर कोण चढतो हो तुमच्याकडे? तुम्ही की तुमचा गडी? आमचंही केप्याजवळ असंच घर आहे. मे महिना आला की शाकारणीला माणूस शोधायचा, तो आज येतो उद्या येतो करत पहिला पाऊस येतो. वाशांना वाळवी, माळ्यावर उंदीर, उंदरांमागे धामण. सासूबाई होत्या तोवर केलं. आता चवथीला जातो, दीड दिवस राहतो आणि येतो.

फ्लॅटमध्ये त्रास नाही असं नाही. माझंच सांगते. मे महिन्यात बाल्कनीत सोलां (आमसुलं) सुकत घातली होती. दुपारी मळभ आलं म्हणून धावत गेले. त्या सरकत्या दाराला खाली छोटी खिटी असते ना, ती दार आपटलं की आपोआप पडते. पडली. मी बाहेर, मोबाइल आत, गॅसवर डाळ. आमचे हे बाजारात. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे एसी लावलेले, खिडक्या बंद. हाका मारून घसा बसला. शेवटी चारच्या सुमाराला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला. मी वरून हात हलवते आहे, तर तो शांतपणे सायकल लावतो, टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला करतो आणि विचारतो, "कितले जाय?" (किती हवेत?)

म्हटलं, "पाव नाकात रे, दार धांपलां म्हजें!" (पाव नकोत रे, माझं दार बंद झालंय!)

त्याने वॉचमनला आणलं, वॉचमनने आमच्या कामवालीला तिसऱ्या बिल्डिंगमधून शोधून काढलं, तिच्याकडे एक किल्ली असते. ती आली तेव्हा डाळीचा कोळसा झाला होता आणि सगळ्या मजल्यावर धूर. तेव्हापासून बाल्कनीत जाताना दाराच्या रुळात जुनी चप्पल आडवी टाकून जाते. येणारे-जाणारे विचारतात ही चप्पल इथे का. विचारू देत.

नुस्तेखाऊ
"कितले जाय?" 😂 माई, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पाव घेतलेत का नाही पण शेवटी?

माई_मडगाव
घेतले. चार उंडे आणि दोन पोळये. पैसे घेईना तो.

चिराखाण
पर्वरीकर, तुमच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. बांधकामातच आयुष्य गेलंय.

पहिली गोष्ट, पाणी पावसाचं आहे की नळाचं ते ठरवा. पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि डाग सुकायला लागला तर बाहेरची भिंत किंवा डक्ट (पाइप जातात तो उभा बोळ) बघायची. आपल्याकडे भिंती चिऱ्याच्या आणि चिरा पाणी पितो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी भेग असली तरी पुरते, गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस होतो आणि वारा तो भिंतीवर आडवा मारतो. ऊन असो पाऊस असो, डाग तसाच ओला राहिला तर पाणी पाइपातलं.

भिंतीवर नुसता घाम येतोय अशी शंका असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, दोन दिवसांनी बघा. तुमच्या बाजूला थेंब असले तर हवेतली ओल. मागच्या बाजूला असले तर भिंतीतून पाणी येतंय. पण तुमच्याकडे पीओपीचा भुगा होतोय, तिथे ही चाचणी करायची गरजच नाही.

आता मुख्य. वरच्या घरात पाय ठेवायची गरज नाही. टेरेसवर टाकीच्या बुडाशी जा. बहुतेक बिल्डिंगांत प्रत्येक फ्लॅटच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह असतो. त्या बंद फ्लॅटचा व्हॉल्व्ह तीन दिवस बंद करा. तिथे कोणी राहत नाही, कुणाचं काही अडणार नाही. ओल कमी झाली तर त्यांच्या पाण्याच्या लाइनमध्ये गळती. फरक पडला नाही तर सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅप (न्हाणीच्या जाळीखालचा, पाणी साठून राहणारा वाकडा पाइप) किंवा डक्ट. एकटे मात्र जाऊ नका, कमिटीतला कोणीतरी सोबत घ्या आणि मालकाला मेसेज टाकून ठेवा. नाहीतर उद्या म्हणतील आमचं पाणी तोडलं.

आणि हे पुढच्या वर्षीवर ढकलू नका. ओल सळईपर्यंत गेली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. मग आतून काँक्रीट फुटतं आणि स्लॅबची खपली पडते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे आणखी लवकर होतं. बेडरूममध्ये झोपलेल्या माणसावर खपली पडलेली मी बघितली आहे.

सेक्रेटरी_नाइलाजाने
वरचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या नोटीस बोर्डावर लावतोय.

ताळगावातल्या एका सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. कसा झालो? एजीएमला (वार्षिक सभेला) पाच मिनिटं उशिरा पोचलो, तोवर निवड झालेली होती.

खर्चाचं सांगतो. आमच्या उपविधींत आहे ते असं की टेरेस, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप हे सोसायटीचं. फ्लॅटच्या आतली लाइन, बाथरूमच्या फरश्या, ट्रॅप हे त्या फ्लॅटच्या मालकाचं. तुमचे उपविधी काय म्हणतात ते काढून वाचा. पण तुमची सोसायटी "आम्ही मध्ये पडणार नाही" म्हणते ते चूक. गळती कुठून आहे ते ठरेपर्यंत ती सामायिक असू शकते, तेव्हा बघायची जबाबदारी त्यांचीच. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मीसुद्धा विसरतो. आणि नोंदणी झालेली सोसायटी आहे ना, का बिल्डरच अजून मेंटेनन्स गोळा करतोय? तेही बघा. इथे दहा-दहा वर्षं तसं चालतं.

बंद फ्लॅट हे आमचं मोठं दुखणं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी निघाली होती, बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये तर निम्मे बंद. बंद घरात नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात आणि दाराखालून शेजाऱ्यांकडे. उपाय सोपा आहे, महिन्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतायचं. पण ओतणार कोण? सेक्रेटरी!

आणि जे बंद नाहीत ते रोजच्या भाड्याने दिलेले. रात्री दोनला सुटकेस घरंगळत येते, माझी बेल वाजते आणि "अंकल, वायफाय पासवर्ड?"

झोपाळू_मांजर
पर्यटकांना असा फ्लॅट द्यायचा तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते ना? आमच्याकडे एकाने नोंदणी मागितली तर मालक म्हणाला, ते माझे चुलत भाऊ आहेत. दर शुक्रवारी नवे चुलत भाऊ.

फोंडेकार
आमच्याकडे भाऊ नाहीत, वानरं येतात. फोंड्यात डोंगराच्या कुशीत बिल्डिंग आहे. बिल्डरने जाहिरातीत "निसर्गाच्या सान्निध्यात" लिहिलं होतं, त्याने शब्द पाळला. पहाटे पोदेर पावाची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो. एक दिवस पिशवी रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. मी शेजाऱ्यांवर संशय घेतला, त्यांनी माझ्यावर. दोन घरांत बोलणं बंद. मग एका सकाळी वॉचमनने दाखवलं, जिन्याच्या उघड्या खिडकीत साहेब पाय सोडून बसलेत, एका हातात पाव. आता आम्ही स्टीलचा डबा ठेवतो. शेजारीण अजून नीट बोलत नाही, ते वेगळं.

आल्तिनो
पाण्यावरून आठवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार भागात ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारी मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा इथे कोण कोण होतं? बाहेर धो धो पाऊस आणि पणजीच्या नळाला थेंब नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्टमधून बादल्या नेल्या तर पाणी सांडून लिफ्ट बंद पडली. मग जिन्याने. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून पागोळ्यांचं पाणी धरलं, तेव्हा पहिल्यांदा टेरेसवरच्या त्या कुरूप पत्र्यांबद्दल प्रेम वाटलं. टँकर आला की ज्यांनी कधी एकमेकांकडे बघितलं नव्हतं ते पिंपं घेऊन रांगेत. तेव्हा ओळख झालेल्या एका कुटुंबात पुढे आमच्या भाचीचं लग्न ठरलं.

कुळागर
आमच्याकडे तेव्हाही विहीर भरलेली होती. सहज सांगितलं.

नुस्तेखाऊ
कुळागर, पत्ता टाका. पुढच्या वेळी सगळे बादल्या घेऊन येतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने
एक राहिलं. जुलैत भाडेकरूंकडून लेखी तक्रार आली: "इमारतीच्या डक्टमध्ये मोठ्या प्राण्याचा मृतदेह असावा, तातडीने शोध घ्यावा." मी, वॉचमन आणि प्लंबर टॉर्च घेऊन तासभर शोधतोय. मृतदेह दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या तव्यावर निघाला. खारे बांगडे.

नुस्तेखाऊ
मृतदेह?! जून-जुलै ट्रॉलर बंद, ताजं नुस्तं (मासे) मिळालं तरी सोन्याच्या भावाने. मग माणसाने पेजेबरोबर काय खायचं? मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेला) मडगावला जाऊन सुकं भरून ठेवायचं ही आपली जुनी चाल आहे. भाडेकरूंनी नाक बदलावं.

झोपाळू_मांजर
नुस्तेखाऊ, मी इथलीच, शाकाहारी. खाऊ नका असं कोण म्हणतंय? पण गावच्या घरात चूल मागीलदारी असते आणि वास माडांत निघून जातो. फ्लॅटमध्ये तो डक्टमध्ये शिरतो आणि माझ्या बाथरूममध्ये संध्याकाळपर्यंत मुक्काम करतो, टॉवेलांसकट. आमच्या शेजारणीने त्यावर छान केलंय. सुकं भाजायचं असलं की आधी फोन करते, मी डक्टची खिडकी लावून घेते. बदल्यात माझ्याकडच्या खतखत्याचा (मिश्र भाज्यांच्या रस्स्याचा) डबा तिच्याकडे जातो.

नुस्तेखाऊ
खतखतं मिळत असेल तर मीही फोन करेन. मिटलं.

ठाण्याची_सून
सुकं भरलं तरी ठेवता कुठे हो? माझ्या लॉफ्टवर सोलां, मिठातल्या कैऱ्या, चिंचेचे गोळे आणि सुके जवळे ठेवले तर वर बुरशी, खाली मुंग्या.

माई_मडगाव
चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला फडकं बांधून, आणि उन्हाची तिरीप आली की बाल्कनीत. पण चप्पल विसरू नकोस गो.

पर्वरीकर
मंडळी, प्रगती कळवतो. चिराखाण म्हणाले तसं केलं. लेखी अर्ज दिला, खजिनदारांना सोबत घेऊन टेरेसवर गेलो. व्हॉल्व्हवर नंबर नाहीत, पण एका जुन्या प्लंबरला माहीत होते. त्याने बंद फ्लॅटचा व्हॉल्व्ह फिरवला, आम्ही खाली आलो. संध्याकाळी शेजारच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींचा आरडाओरडा: किचनला पाणी नाही, वॉशिंग मशीन अर्ध्यात अडकलंय, आत साबणाचं पाणी आणि नऊवारी.

बंद फ्लॅटचा व्हॉल्व्ह फिरवला आणि पाणी आजींचं गेलं!

उलगडा असा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी आजींची किचनची लाइन चोंदली होती. तेव्हाच्या प्लंबरने भिंत फोडायचा खर्च वाचवायला डक्टमधून बंद फ्लॅटच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून आजींकडे पाणी घेतलं. कुणाला सांगितलं नाही. आजींना वाटलं आपलीच लाइन दुरुस्त झाली. डक्टमध्ये डोकं घालून टॉर्च मारला तर त्या जोडावरून बारीक धार भिंतीवर, तिथून आमच्या स्लॅबच्या कडेला. तीन दिवसांत डाग कडेने पांढरा पडायला लागलाय. गुडगावचे बिचारे निर्दोष निघाले. त्यांना कळवलं तर म्हणाले, "बघतो."

आता नवीन वाद. सोसायटी म्हणते जोड आजींचा, आजींनी भरावं. आजी म्हणतात मी काय डक्टमध्ये चढले होते? आणि पीओपी, रंग माझा गेला तो कुणी द्यायचा? आजींकडून मागायला जीव होत नाही, काल त्यांनी पातोळ्या पाठवल्या.

सेक्रेटरी_नाइलाजाने
पातोळ्या पाठवल्या म्हणजे आजी कायद्यात हुशार आहेत.
माझं मत: आजींची स्वतंत्र लाइन आजींनी नवी टाकावी. डक्ट सोसायटीचा, त्यात परवानगीशिवाय जोड झाला तो इतकी वर्षं कुणी बघितला नाही, तेव्हा डक्टच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने करावं. तुमच्या पीओपीचं निम्मं निम्मं मागून बघा.

आल्तिनो
असहमत. आजींना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर का? सगळं सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून व्हावं. आज आजींचा जोड सापडला, उद्या तुमच्या बिल्डिंगचे बाकीचे डक्ट उघडा, सगळीकडे असलीच जाळी निघतील.

फोंडेकार
गुडगावच्या मालकाचं मीटर तपासा आधी. इतकी वर्षं आजींच्या पाण्याचं बिल कोण भरत होतं?

पर्वरीकर
फोंडेकार, कृपा करून हे बाहेर बोलू नका. मीटर एकच आहे, सोसायटीचं. बिल सगळ्यांत समान वाटतात.

चिराखाण
बरं झालं सापडलं. आता रंगाची घाई करू नका. फुगलेलं पीओपी सगळं काढून टाका, स्लॅब उघडी ठेवा, पंखा चालू. दिवाळीपर्यंत सुकू दे. सळई दिसत असली तर तिथे गंजरोधक लावूनच प्लास्टर. नुसता "वॉटरप्रूफ" रंग आतून मारला तर ओल मागे अडकते आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुगते.

माई_मडगाव
पीओपी काढताच आहात तर हॉलचंही काढा आणि स्लॅबला माटोळीचे (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीचे) हुक बसवून घ्या. आमच्या ह्यांनी हौसेने पीओपी केलं आणि पहिल्या चवथीला माटोळी टांगायला जागाच नाही. नारळांची पेंड, सुपारीचं शिपटं, तवशी, तोरिंजनं, कवंडळं, वजन काय थोडं असतं? शेवटी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर बांधली.

पर्वरीकर
चवथ गावीच असते हो आमची, माई. पण बायको म्हणते, बसवून घ्या. गावच्या घराचे वासे ती बघून आली आहे.

चिराखाण
हुक पीओपीत नाही, स्लॅबमध्ये अँकर घालून. आणि सळई टाळून भोक पाडा. किती किलो टांगणार ते आधी सांगा.

कुळागर
आमच्याकडे सागवानी वाशाला लोखंडी कड्या आहेत, पणजोबांनी बसवलेल्या.

नुस्तेखाऊ
कुळागर, पत्ता अजून आलेला नाही.